बी.कॉम., सीपीए, वय ३३ आणि आता डॉक्टर व्हायचंय

पत्र: ताई, मी मूळची डोंबिवलीची. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग कॉमर्स, मुंबई युनिव्हर्सिटीचं बी.कॉम. लग्नानंतर न्यू जर्सीला आले, इथे अकाउंटिंगमध्ये एमएस केलं, सीपीए (इथली सीए) झाले आणि तेव्हापासून टॅक्सचंच काम करतेय. मागच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. त्याच वर्षी सासरे इथे आलेले असताना त्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं, डॉक्टर काय म्हणतायत ते त्यांना मराठीत सांगायचं आणि त्यांचं दुखणं डॉक्टरांना इंग्लिशमध्ये, हे सगळं मीच करत होते आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये की मला हेच करायचंय. सायन्स दहावीनंतर बघितलेलं नाही. नेटवर करिअर बदलणाऱ्यांसाठीचे पोस्टबॅक प्रीमेड प्रोग्राम दिसले (इथे मेडिकलला बॅचलर्सनंतर जातात, त्याआधी लागणारे सायन्सचे विषय हे शिकवतात), ब्रिन मॉर, गाउचर, कोलंबिया वगैरे. यंदाच अर्ज भरू का? नवरा म्हणतो कर, सासूबाई म्हणतात चाळिशीत कोणी डॉक्टर होतं का, पुण्याचा मामा म्हणतो भारतात येऊन एमबीबीएस कर नाहीतर सरळ कॅरिबियनला जा. मुलगी चार वर्षांची आहे. काय करू?
– एडिसनहून एक वाचक

यंदा अर्ज भरू नकोस. डॉक्टर होऊ नकोस असं मी म्हणत नाहीये हां, फक्त पोस्टबॅकचा फॉर्म यंदा नको, कारण तुझा खरा अडथळा तू ज्याला समजतेयस तो नाहीचे. तुला वाटतंय सायन्स नाही आणि वय झालं. हे प्रोग्राम तर सायन्स नसलेल्यांसाठीच काढलेत, ब्रिन मॉर आणि गाउचरला तर तू आधीच प्रीमेडचे बहुतेक विषय केलेले असशील तर उलट घेतच नाहीत, म्हणजे तुझी कोरी पाटी तिथे चालते. वयाचंही तसंच, अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांत पहिल्या वर्षाला चोविशीतली मुलं जास्त असली तरी तिशी-पस्तिशीतली माणसं दरवर्षी असतात, वयाची अट कुठेही नाही. तुझा अडथळा आहे तुझं बी.कॉम. आणि ते कॉमर्सचं आहे म्हणून नाही, भारतातलं आहे म्हणून.

इथल्या एमडी कॉलेजांचा (इथे एमडी म्हणजे आपल्या एमबीबीएससारखी डॉक्टरकीची पहिली डिग्री) बहुतेक सगळा कारभार ॲमकॅस नावाच्या एका कॉमन अर्जातून चालतो आणि ॲमकॅस परदेशातले मार्क जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरत नाही. तू तिथे कॉलेजचं नाव लिहायचं, पण त्या तीन वर्षांचा आकडा जीपीएत येणारच नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बरीच मेडिकल कॉलेजं सरळ सांगतात की बॅचलर्स अमेरिकेतली किंवा कॅनडातली पाहिजे, काही म्हणतात की निदान ६० किंवा ९० क्रेडिट (विषयाचं वजन मोजायचं एकक) इथले हवेत, काहींना एका वर्षाचं शिक्षण पुरतं, काही इथली मास्टर्स असली की चालवून घेतात आणि काही अजिबात नाही. त्यात आपली डिग्री तीन वर्षांची, इथली चार वर्षांची, ती कटकट वेगळीच. आता समज तू चाळीस-पन्नास हजार डॉलर घालून एखाद्या नामांकित प्रोग्रामला गेलीस, वर्षभर मर मर करून सगळे विषय ए ग्रेडने काढलेस आणि मग कळलं की तुझ्या यादीतल्या अर्ध्या कॉलेजांना तुझी डिग्रीच चालत नाही, मग? पोस्टबॅकवाले स्वतःसुद्धा इथली बॅचलर्स किंवा तिच्या तोडीची डिग्री मागतात, पण पोस्टबॅकने घेतलं म्हणजे मेडिकल कॉलेज घेईल असं काही नसतं.

म्हणून उलटीकडून सुरुवात कर. मेडिकल कॉलेजांची संघटना आहे ना, एएएमसी, तिची एमएसएआर नावाची यादी असते, थोडे पैसे भरून वर्षभर बघता येते, त्यात प्रत्येक एमडी कॉलेजला काय चालतं ते दिलेलं असतं. न्यू जर्सीतली कॉलेजं आधी घे, रटगर्सची न्यूवार्क आणि न्यू ब्रन्सविकची, कॅम्डनचं कूपर, नटलीचं हॅकेनसॅक मेरिडियन आणि रोवनचं डीओ कॉलेज. (डीओ म्हणजे ऑस्टिओपॅथिक डॉक्टर, त्याला नाक मुरडू नकोस, प्रॅक्टिसचे हक्क एमडीसारखेच आहेत, अर्ज फक्त वेगळ्या पोर्टलवरून जातो.) मग शेजारच्या न्यूयॉर्क-पेनसिल्व्हेनियातली आठ-दहा. प्रत्येकाच्या ॲडमिशन ऑफिसला ईमेल कर, फोन नाही, ईमेलच, लेखी उत्तर हातात पाहिजे: माझं भारतातलं तीन वर्षांचं बी.कॉम. आहे, अमेरिकेतली एमएस आहे, प्रीमेडचे सगळे विषय मी इथे करणार आहे, मी पात्र आहे का, की अजून क्रेडिट लागतील, किती? आलेली उत्तरं एका शीटमध्ये भर, एक्सेलमध्ये तुझा हात कोण धरणार. त्या शीटवरूनच ठरेल की तुला पोस्टबॅक पुरेसं आहे की रटगर्ससारख्या ठिकाणी सरळ दुसरी बॅचलर्स करावी लागेल. दुसरी बॅचलर्स म्हटलं की आपल्या लोकांना कमीपणा वाटतो, एमएस होऊन परत बी.ए. का म्हणून, पण तुझ्या केसमध्ये तो सगळ्यात शहाणपणाचा रस्ता निघू शकतो, जुने काही क्रेडिट ट्रान्सफर झाले तर अंतरही कमी होतं.

जीपीएचं अजून एक सांगते, आकड्यांची माणूस आहेस म्हणून लगेच कळेल. जुने मार्क धरलेच नाहीत म्हणजे जुनं ओझं गेलं, बरंच झालं, असं वाटेल आणि थोडं खरंही आहे, बी.कॉम.ला सेकंड क्लास असला तरी तो जीपीएत येत नाही. पण मग तुझा पाया इतका छोटा असतो की एक ग्रेड सगळं हलवते. इथे कॉलेज केलेल्या मुलाचे समज १३२ क्रेडिट आहेत, सगळे ए (ए म्हणजे ४, सी म्हणजे २), आणि त्याला चार क्रेडिटच्या केमिस्ट्रीत सी मिळाला तर तो ४.० वरून ३.९४ ला येतो. तुझे पहिल्या वर्षी १६ क्रेडिट झालेत, बाराला ए आणि त्याच चारला सी, तर तू थेट ३.५. आणि तोच विषय परत केलास तरी ॲमकॅस दोन्ही ग्रेड धरतं, जुनी पुसत नाही. एमएसचे मार्क वेगळ्या रकान्यात जातात, ते हे भरून काढत नाहीत. त्यामुळे नोकरी करता करता चार विषय एकदम घेऊन टाकू असला उत्साह पहिल्या सेमिस्टरला अजिबात नको.

एकच विषय घे. जनरल केमिस्ट्री, लॅबसकट, आणि त्याआधी गरज असेल तर प्रीकॅल्क्युलस. मिडलसेक्स कॉलेज घराजवळ आहे, संध्याकाळचे वर्ग मिळतात, फी परवडते. काही मेडिकल कॉलेजांना कम्युनिटी कॉलेजचे सायन्सचे विषय फारसे आवडत नाहीत हे खरं आहे, म्हणून सगळे तिथे करू नकोस, पण एक विषय चाखून बघायला काही हरकत नाही. आणि केमिस्ट्रीच का, तर सगळी साखळी तिच्यावर उभी आहे. जनरल केमिस्ट्रीचे दोन भाग झाल्याशिवाय ऑरगॅनिकला बसता येत नाही, ऑरगॅनिक झाल्याशिवाय बायोकेमिस्ट्रीला नाही, म्हणजे बायॉलॉजी आणि फिजिक्स तू बाजूने उरकशील पण ही एक रांग एकापाठोपाठ एकच जाणार, घाई करून होत नाही. ब्रिन मॉर-गाउचरवाले हे सगळं जेमतेम वर्षभरात बसवतात कारण ते उन्हाळ्यात अख्खी जनरल केमिस्ट्री पिळून काढतात आणि मुलं दुसरं काहीही करत नाहीत. नोकरी नाही, घर नाही. चार वर्षांची मुलगी असताना फिलाडेल्फियाजवळ नाहीतर बाल्टिमोरला एक वर्ष खोली घेऊन राहणं जमेल का ते तुम्ही दोघं ठरवा, मी सांगणारी कोण. कोलंबियाचा प्रोग्राम दोनेक वर्षांचा असतो, पार्टटाइम चालतो आणि एडिसनहून ट्रेनने पेन स्टेशन, तिथून एक नंबरच्या सबवेने ११६ व्या स्ट्रीटला जाता येतं, म्हणजे शक्य आहे, पण दिवसाचे तीन-साडेतीन तास प्रवासात आणि फी कोलंबियाची.

या प्रोग्रामांत पैसे घालावेत असं काय असतं? सायन्स तर कुठेही तेच आहे. तिथे मिळतो सल्लागार, प्रोग्रामच्या कमिटीचं एकत्रित शिफारसपत्र, आणि लिंकेज. लिंकेज म्हणजे काही मेडिकल कॉलेजांशी त्यांचा करार असतो, पोस्टबॅक चालू असतानाच तू त्या एका कॉलेजला अर्ज करायचा, मिळाला तर तिथेच जायचं, आणि मधलं एक वर्ष वाचतं. ते मधलं वर्ष, ग्लाइड इयर म्हणतात त्याला, नाहीतर सगळ्यांनाच लागतं कारण अर्ज जूनमध्ये जातो आणि कॉलेज सुरू होतं पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये. काही प्रोग्राम ‘आमची नव्वद टक्क्यांच्या वर मुलं मेडिकलला लागतात’ असं छापतात, तिथे तुझी ऑडिटवाली बुद्धी वापर: नव्वद टक्के कशाचे? सुरुवात केलेल्यांचे, की शेवटपर्यंत टिकलेल्यांचे, की कमिटीने ज्यांना पत्र दिलं फक्त त्यांचे? देशभर दरवर्षी पन्नास हजारांच्या वर लोक अर्ज करतात आणि त्यातल्या निम्म्यांनाही जागा मिळत नाही, तेव्हा नव्वदचा छेद काय आहे ते विचारल्याशिवाय डिपॉझिट भरायचं नाही.

एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा, तिच्याबद्दल तू काहीच विचारलेलं नाहीस, त्यावरून वाटतं अजून बघितली नाहीयेस. साडेसात तासांचा दिवस असतो, ब्रेक धरून. चार भाग, एकूण स्कोअर ४७२ ते ५२८, आणि जे लागतात त्यांची सरासरी ५११-५१२ च्या आसपास येते. कॅल्क्युलेटर मिळत नाही. परत सांगते, कॅल्क्युलेटर मिळत नाही, लॉगरिदम पण अंदाजाने काढायचे. पण मला तुझी काळजी केमिस्ट्रीची नाही, ती पाठांतर आणि सरावाने येते, आपण दहावीला काय वेगळं केलं होतं. काळजी आहे कार्स नावाच्या भागाची, नव्वद मिनिटांत नऊ उतारे आणि ५३ प्रश्न, विषय काहीही, तत्त्वज्ञान, चित्रकला, कुठल्या तरी शतकातलं अर्थकारण, बाहेरचं ज्ञान चालत नाही, लेखकाला काय म्हणायचंय तेवढंच. इथे वाढलेल्या मुलांनासुद्धा हा भाग नाकी नऊ आणतो, आणि मराठी मीडियममधून आलेल्या, नंतर सगळं इंग्लिश टॅक्स कोडमध्ये वाचलेल्या माणसाला जास्त. दोन महिने क्रॅश कोर्स करून तो सुधारत नाही. आजपासून रोज एक लांबलचक इंग्लिश निबंध वाच, न आवडणाऱ्या विषयावरचा, आणि संपल्यावर एका ओळीत मराठीत लिही की हा बाबा म्हणतोय काय. दोन वर्षं आहेत हातात, तेवढ्यात होईल.

आता सासऱ्यांचं. तुझ्या पत्रातला तो भाग मी दोनदा वाचला. त्यात खरेपणा आहे, पण ॲडमिशन कमिटीसमोर रोज असे ढीगभर निबंध येतात, आजी आजारी पडली, बाबांना ॲटॅक आला आणि मग मला कळलं की मला डॉक्टर व्हायचंय. त्यांचा पुढचा प्रश्न एकच असतो, कळल्यावर तू केलंस काय? घरच्या माणसासाठी रात्र-रात्र बसणं वेगळं आणि अनोळखी, चिडलेल्या, आंघोळ न केलेल्या माणसाशी दर शनिवारी नीट बोलणं वेगळं. हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियर हो, आठवड्याला तीन-चार तास, पण वर्षभर न चुकता, कारण शेवटच्या तीन महिन्यांत कोंबलेले तास लगेच ओळखू येतात. दोन-तीन डॉक्टरांबरोबर शॅडोइंग (सोबत राहून त्यांचं काम बघणं) कर, त्यात एक तरी फॅमिली मेडिसिनवाला असू दे, आपल्या ओळखीत सगळे कार्डिओलॉजिस्टच असतात. आणि तू आधीच जे केलंयस त्याचंच रीतसर शिक्षण का घेत नाहीस? मेडिकल इंटरप्रिटरचं ४० तासांचं ट्रेनिंग असतं, ते करून मराठी-हिंदी दुभाषी म्हणून काम करता येतं. एडिसन-इझलिनच्या पट्ट्यात मुलांकडे राहायला आलेले आपले आई-वडील किती आहेत ते तू बघतेसच, पोटात ‘कसंतरीच होतंय’ हे डॉक्टरला नेमकं कसं सांगायचं ते त्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात, आणि हेही शिकवतात की घरच्या माणसाने दुभाषी का होऊ नये. सासऱ्यांच्या वेळी एखादी वाईट बातमी तू जरा सौम्य करून सांगितली असशीलच, सगळेच सांगतात. हे काम करून तू निबंधात लिहिलंस तर वाचणारा मान वर करून बघेल.

हे करता करता एक शक्यताही तपासत राहा, की तुला डॉक्टरच व्हायचंय की पेशंटच्या जवळ असायचंय. दुसरं असेल तर फिजिशियन असिस्टंट सव्वादोन वर्षांच्या आसपास होतं, आणि दुसऱ्या विषयातली डिग्री असलेल्यांसाठी नर्सिंगचे वर्ष-दीड वर्षाचे फास्ट कोर्स असतात (त्या दोन्हींच्या आधीही सायन्सचे काही विषय करावेच लागतात). मी तिकडे ढकलत नाहीये. डॉक्टरचं नाव मोठं म्हणून तेच असंही करू नकोस एवढंच.

पैसे आणि वय एकत्रच बघू. एक वर्ष हे चाखून बघण्याचं, साधारण दोन वर्षं विषय आणि एमकॅट, एक अर्जाचं, म्हणजे कॉलेज सुरू होईल तेव्हा तू सदतीसची, एमडी एक्केचाळिसाव्या वर्षी, फॅमिली किंवा इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षांची रेसिडेन्सी (एमडीनंतरचं हॉस्पिटलमधलं पगारी ट्रेनिंग) धरली तर चव्वेचाळीस. दुसरी बॅचलर्स लागली तर अजून एक-दोन मिळव. मुलगी तेव्हा हायस्कूलमध्ये. सर्जरीचं स्वप्न असेल तर पुढे अजून वर्षं धर. सासूबाईंना सांग, चाळिशीत होतात लोक डॉक्टर, पण हेही खरं की त्या दहा-अकरा वर्षांत तुझा सीपीएचा पगार आधी कमी होणार, मग बंद, मग रेसिडेन्सीत साठ-सत्तर हजारांवर येणार. मेडिकलचा चार वर्षांचा राहण्याखाण्यासकट खर्च सरकारी कॉलेजातसुद्धा अडीच लाख डॉलरच्या वर जातो, खासगीत साडेतीन-चार लाख. आणि नियम बदललाय, जुलै २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस नावाचं सरकारी कर्ज बंद, मेडिकलसारख्या कोर्सला सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाखांपर्यंतच. वरचे खासगी बँकेकडून, जास्त व्याजाने, नवऱ्याच्या सहीवर. नवरा ‘कर’ म्हणतोय ते हा आकडा बघून म्हणतोय की प्रेमाने, ते एकदा विचार. ग्रीन कार्ड आलंय हे मात्र तुझं नशीब, सरकारी कर्जही त्यामुळेच मिळतं. एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीवर मिळणाऱ्या व्हिसावर) असलेल्या बऱ्याच मैत्रिणी मला हेच विचारतात आणि त्यांना सांगावं लागतं की बरीच मेडिकल कॉलेजं ग्रीन कार्डाशिवाय अर्जच बघत नाहीत.

मामांचं ऐकू नकोस. म्हणजे भारतात आता दार उघडलंय हे खरं, नीटची वरची वयोमर्यादा २०२२ मध्ये काढली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने) बारावीनंतर फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी जादा विषय म्हणून देणाऱ्यांनाही पात्र धरलं, म्हणजे कॉमर्सवालीला कागदोपत्री रस्ता आहे. पण ते विषय द्यायचे, सतरा-अठरा वर्षांच्या मुलांबरोबर नीटला बसायचं, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं तिथे राहायचं, मग परत इथे येऊन यूएसएमएलई (इथल्या डॉक्टरकीच्या लायसन्सच्या परीक्षा) आणि परदेशी पदवीधर म्हणून रेसिडेन्सीच्या रांगेत. शिवाय ग्रीन कार्डवर इतकी वर्षं बाहेर राहिलीस तर ते हातचं जायची वेळ येते. आणि कॅरिबियन कॉलेजं पटकन घेतात, तेच त्यांचं आकर्षण, पण मध्येच गळणारे खूप आणि शेवटी रेसिडेन्सी मिळेलच याची खात्री इथल्या कॉलेजांइतकी नाही. इथे दोनदा प्रयत्न करून झाला तर त्याचा विचार, आत्ता नाही.

राहता राहिली नोकरी, ती सोडू नकोस आणि सीपीएचं लायसन्सही मरू देऊ नकोस, सीपीई (लायसन्स टिकवायला लागणारे शिक्षणाचे तास) भरत राहा. पण स्प्रिंग सेमिस्टर जानेवारीत सुरू होतं आणि टॅक्स सीझनही तेव्हाच, केमिस्ट्रीचे मधले पेपर मार्चमध्ये आणि तुझे रिटर्न्सही मार्चमध्येच, दोन्ही जमणार नाही. तेव्हा केमिस्ट्रीचा पहिला भाग सप्टेंबरच्या फॉल सेमिस्टरला घे, आणि त्यात ए आला तर डिसेंबरातच मॅनेजरशी बोल की यंदा जानेवारी ते एप्रिल अर्धवेळ जमेल का. नाही म्हणाले तर दुसरा भाग उन्हाळ्यात.